सकाळचे वडे

नायजेरियातल्या जॉस शहराच्या पालिका कचेरीत मूळ रहिवाशाच्या दाखल्याची रांग लागली होती. दावूपुढे ऊजूची आई, आणि तिच्यापुढे थेट खिडकी.

“बाई, मूळ गाव?”

“हेच, साहेब. मीही इथलीच, लेकही इथेच जन्मली.”

“जन्म नाही विचारला. मुलीचे आजोबा कुठले?”

“पूर्वेकडचे इग्बो. कथलाच्या खाणीवर आले ते इथेच राहिले.”

“मग दाखला पूर्वेकडून आणा.”

“जाऊन आले. ते म्हणतात, आपला माणूस कुठेही मेला तरी आपण त्याला गावी आणून पुरतो. सासऱ्यांची कबर दाखवा.”

“दाखवायची मग.”

“ती इथे माझ्या अंगणात आहे, साहेब.”

“घ्या! म्हणजे तुम्ही तिकडच्यांनाही नकोच.”

“हसा तुम्ही. आज दाखला नाही दिला तर लेकीची नर्सिंगची जागा जाईल.”

“गल्लीतल्या कुणा इथल्या मूळच्या, बेरोम जमातीच्या माणसानं ‘ही आमचीच’ म्हणून सही केली, तर देतो. आहे कोणी?”

“हा काय, मागेच उभाय दावू! वीस वर्षं माझ्या हातचे चवळीचे वडे खातोय.”

“काय रे, आडनाव?”

“ग्यांग.”

“म्हणजे आपलाच. करतोस सही?”

दावूच्या बोटांना सकाळच्या वड्यांचं तेल होतं. ते त्यानं विजारीला पुसलं.

“वडे खातो, साहेब. पण माणूस कुठला, ते मी कसं सांगणार?”

“दावू!”

“बाई, बाजूला व्हा. बोल ग्यांग, तुझं काय काम?”

“दाखलाच हवाय. पोराला.”

“मग आपला माणूस असून एवढा वेळ रांगेत कशाला उभा राहिलास?”