हिराबाईंचं बी
भातावरून आठवलं. नव्वदच्या दशकात मी नेरूळला राहायचो आणि भात संशोधन केंद्रासाठी खाऱ्या जमिनीतल्या जुन्या भातांचं बी गोळा करायचो. द्रोणागिरीजवळच्या गावात हिराबाई नावाच्या आजी भेटल्या. त्यांचं शेत नवं शहर वसवताना गेलं होतं, पण घरामागच्या वाफ्यात दरवर्षी तोच भात लावून त्यांनी बी टिकवलं होतं. मी मूठभर मागितलं, तर त्यांनी डबाच पुढं केला.

“आजी, थोडं ठेवा की.”

“वाफ्यात किती लावू? तुमच्याकडं शेत हाय ना? न्या. फक्त कापनीला मला बोलवा.”

भात पिकल्यावर त्यांना केंद्राच्या शेतावर बोलावलं. बांधावर खुर्ची मांडली, आमच्या केंद्राच्या साहेबांनी मानाचा नारळ दिला. आजींनी तो खुर्चीवर ठेवला, पदर खोचला आणि विळा मागून घेतला. दुपारी जेवायला हाक मारली, तर म्हणाल्या, “तुमी जेवा. मी लय वर्सांनी शेतावर आलेय.”