दादा नाही, म्हणून विंच

...नाही, पण भाऊ गेला म्हणून कोणी गाडीला विंच बसवतं का? मी बसवली! तुम्हाला सांगतो, मी आणि दादा, दोघांच्या दोन फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या, सुट्टी आली की चिखल शोधत हिंडायचं, रुतायचो नेहमी मी आणि ओढून काढायचा नेहमी दादा! वर शिव्या. "अरे बैला, डोळे घरी ठेवून आलास का?" आणि दोर बांधता बांधता, "घाबरू नको रे, मी आहे ना!"

मी आहे ना म्हणे! गेला की निघून! सकाळी छातीत दुखलं, आणि दुपारी... जाऊ दे.

तर आमचा फिटर. बंपर कापला, गाडीच्या नाकावर ते तारेचं रीळ बसवलं आणि मला म्हणतो, "साहेब, तार सोडायची, हुक झाडाला अडकवायचा, बटण दाबायचं, गाडी आपली आपण बाहेर! आता कोणाच्या बापाची गरज नाही!" बापाची नाहीच हो... भावाची आहे, त्याचं काय?

गेलो नदीकाठी. रुतलो. त्यात काय नवल! हुक हातात घेऊन बघतो तर झाड औषधालासुद्धा नाही! फिटरला फोन. "विंच ठणठणीत आहे साहेब, पण समोर काहीतरी नको का?" अरे, तेच तर रडतोय, समोर कोणी नाही! आणि खरंच रडलो हो, हुक हातात धरून, एवढा मोठा घोडा.

मग वहिनीला फोन केला. दुसरं आहे कोण? आली बिचारी दादाची गाडी घेऊन. सीट अजून दादाच्या मापाची, मागे सरकवलेली, तिनं ती हलवलीच नव्हती, त्यामुळे नुसती स्टिअरिंगला लोंबकळत आली! समोर गाडी लावली, मी हुक अडकवला, बटण दाबलं... आणि माझी गाडी जागच्या जागी, वहिनीच सरकायला लागली माझ्याकडे! "भावजी, अहो ब्रेक दाबलाय मी!" दाबला असेल, पण ओल्या वाळूत ब्रेक काय करणार, कपाळ? बटण सोडेपर्यंत तीही रुतली, माझ्या नाकाला नाक लावून!

आणि तेव्हा आठवलं. रिव्हर्समध्ये ओढायच्या आधी दादा स्वतःच्या चाकांपुढे धोंडे लावायचा. दर वेळी! मला आणि वहिनीला वाटायचं, उगाच भाव खातोय.

वहिनी उतरली. त्या धोंड्यांचं तिलाही आठवलं असावं, कारण हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना. म्हणाली, "भावजी, आता हो कोण काढणार आपल्याला?"

मी गुडघाभर चिखलात. तोंडातून निघून गेलं, "घाबरू नका वहिनी, मी आहे ना!"

असून उपयोग काही नाही म्हणा... पण आहे.