चौतीस इंच

—थांबा शेखरराव, आधी तो मोबाईल खाली ठेवा. त्यातला दुबईच्या बंगल्याचा फोटो बघून झालाय माझा, तीनदा. मी विचारलं काय होतं? घरात स्वयंपाक कोण करतं? तुम्ही म्हणालात, आई. मग म्हटलं त्यांना घेऊन या, ओट्याची उंची ठरवायचीय — तर आणलंत आणि बाहेर बाकावर बसवून आलात. तिला काय कळतंय म्हणे. स्टँडर्ड टाका म्हणे. कुणाचं स्टँडर्ड? मखमलाबादच्या मळ्यात चाळीस वर्षं झेंडूच्या टोपल्या उचललेली बाई, माझ्या खांद्याला लागत नाही, ती चौतीस इंचाच्या ओट्यावर पोळ्या लाटणार कशी — खांदे वर करून? लाटून बघा एकदा. हसताय काय?

हसा. मीही हसलो असतो. वीस वर्षं मी बंगल्यांचे नुसते फ्रंट काढले — काचेचे, दगडाचे, मासिकात फोटो छापून यायचे, आणि घरी आलो की वाटायचं, आपण नुसती तोंडं रंगवतोय. इंदिरानगरचं आमचं घरही मीच बांधलं. काळा ग्रॅनाइट, ओटा चौतीस, स्टँडर्ड. आणि आमची आई अकरा वर्षं त्या ओट्यापुढे पाट ठेवून त्यावर उभी राहायची. मला दिसत नव्हतं? दिसत होतं की. वाटायचं, जुनी सवय असेल. विचारलं का? नाही विचारलं. आणि तीही बोलली नाही — आर्किटेक्ट झालेल्या पोराला कसं सांगायचं, बाबा तुझं चुकलं म्हणून. एक दिवस पाट सरकला. खुबा मोडला. ती खाटेवर पडलेली असताना मी टेप लावला, टाचेपासून कोपरापर्यंत — ओटा तीस हवा होता. पाट चार इंचाचा. तिचं माप बरोबर होतं, शेखरराव. शिकलेला मी होतो.

नाही, आता नाही ती. सोडा. त्यानंतर मी आधी कोपर मोजतो, मग पेन्सिल उचलतो, आणि आता कुठे वाटतं की या कामाचा काही उपयोग आहे. फ्रंट तुम्हाला कुणीही काढून देईल, जा घेऊन तो दुबईवाला. पण त्या बाईला मी मोजल्याशिवाय परत पाठवणार नाही. उठा. बाकावर तुम्ही बसा.

—मावशी, आत या. चपला काढा, भिंतीला टेकून उभ्या राहा. हात असा, लाटताना धरता तसा. बरं, घरी पायाखाली काय घेता? — घेता ना काहीतरी?

वीट.

ऐकलंत, शेखरराव? जाताना दार ओढून घ्या.