पिंजाऱ्याची वीजपेटी

चुनीलाल : गावमा दिवा लावाले वीज नई, आनि तुन्हा पेटीमा कुठून ऊनी?

फकीर : आत लोहचुंबक आहे, पाटील. मी दांडा फिरवला की वीज होते. ह्या दोन पितळी मुठी घट्ट धरा. खांदा किती वर्षं दुखतो?

रंजनाबाई : तीन वरीस. पागोटंबी मीच बांधी देस. कोरीट गावपासून आठे नंदुरबारलोंग गाडीमा कन्हत ऊनात.

चुनीलाल : तू गप बठ वं! ए फकीर, हाई काय? मुंग्या चढी ऱ्हायन्यात.

फकीर : चढू द्या. नस जागी झाली की दुखणं झोपतं. आता जोरात फिरवतो.

चुनीलाल : बस! बस कर! मन्ही मूठ सुटत नई!

फकीर : सुटणारच नाही. वीज बोटं आवळून धरते. मी थांबेन तेव्हा सुटतील. अनीस पिंजारी आठवतो का?

चुनीलाल : कोन अनीस?

फकीर : माझा बाप! तुमच्या गाद्यांचा जुना कापूस पिंजायला आला होता. पिंजून झाल्यावर तुम्ही कापूस तोलला. शेरभर कमी भरला, म्हणून बापाला चोर ठरवलं. हात मागे बांधून निंबाला टांगलं. खांदा उखडला त्याचा. पुन्हा पिंजण उचलली नाही त्यानं. ही पेटी मी सुरतेहून त्याच्यासाठी आणली, तर तो कबरीत गेलेला. बारा वर्षं जीव जळतोय माझा, पाटील. बारा वर्षं!

(फकीर दांडा आणखी जोरात फिरवतो.)

चुनीलाल : थांब रे! सांगस! चोर नव्हता तो! धूळ उडनी, म्हनीसन कापूस कमी भरना! थांब!

रंजनाबाई : सूपभर धूळ मीच झाडी व्हती ओटावरथीन. तवयच मी ह्यास्ले सांगं, ते ह्यास्नी मन्हाच थोबाडमा मारं.

फकीर : घ्या, थांबलो. पिळून काढलेला शब्द मला नको. आता मोकळ्या हातानं म्हणा.

चुनीलाल : अवं देख! हात वर गया! डोकालोंग गया! ...काय म्हनू? चोर तो चोर. चाल, गाडी जुपाले सांग.

फकीर : जा. हा आराम दोन दिवसांचा. परवा खांदा पुन्हा ठणकेल. तेव्हा या, आणि दारात उभं राहून मोठ्यानं सांगा, अनीस पिंजारी चोर नव्हता. मगच दांडा फिरेल. याल तितक्या वेळा सांगायचं.

चुनीलाल : मी? पिंजारीना दारमा? मरी जासू, पन येनार नई!

रंजनाबाई : येतीन. परवा पागोटं बांध म्हनतीन, तवय मी हात लावसू नई. फकीरभाऊ, मी सोता लई येसू ह्यास्ले.

फकीर : परवा नंदुरबारचा बाजार आहे, माय. ह्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

रंजनाबाई : माले माहीत शे, भाऊ.