दाराबाहेर जाणारा आवाज

डोळे मिटता येतात, कानांना मात्र पापण्या नसतात. टीव्हीच्या दुकानात आपला क्रमांक येण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या शिंप्याच्या कानी समोरच्या बापलेकांचे संभाषण अनाहूतपणे पडले.

“बाबा, हा लहान स्पीकर तुमच्या खुर्चीजवळ ठेवू. आपल्याला परवडेलही.”

“ओरडू नकोस रे, मी बहिरा नाही.”

“मग टीव्ही एवढा मोठा का लावता? सगळी आळी डोक्यावर घेता!”

दुकानदार मध्येच म्हणाला, “आजोबा, ह्यात शब्द न् शब्द कळेल, आणि दाराबाहेर आवाज जायचा नाही.”

“मग तो माझ्या काय कामाचा?”

“म्हणजे?”

“मला बाहेर जाणाराच आवाज हवा.”

“बाबा, शेजारी हसतात आपल्याला!”

“टीव्हीला हसतात ना? हसू देत. तू सूनबाईवर तोंड टाकतोस, ते तरी त्यांना ऐकू जात नाही.”

शिंप्याने आपली दृष्टी स्वतःच्या चपलांवर स्थिर केली.

“बाबा... हळू बोला ना.”

“हळूच बोललो, बाळा.”

दुकानदाराने खोके पुढे सरकविले. “मग साहेब, हाच देऊ का?”

लेक मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणालात? ऐकू नाही आलं.”