गजराबाईचं ओगराळं

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढं जाऊ. जळतो जास्त कोण — उपाशी माणूस की पोट भरलेला? बोला की! पुढं बसलेल्या काकू म्हणतात, उपाशी. बरं! धरून ठेवा ते उत्तर. शेवटी परत विचारणार आहे!

आणि हसू नका, मत्सरावर बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे! हे माझ्यामागं झांज घेऊन उभे आहेत ना, चैतन्यबुवा — वय सव्वीस, गळा असा की ऐकतच राहावं. कालच्या कीर्तनात त्यांनी एक पद म्हटलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. वाजवल्यात ते वाजवल्यात, पण माझ्यापेक्षा जास्त! घरी गेलो, तर बायकोनं केलेली भरली वांगी गोड लागेनात. खोटं कशाला बोलू?

तर ऐका. एका जुन्या शहराच्या ऐन पोटात कासार बोळ. बोळ इतका अरुंद, की समोर फोडणी पडली तर शिंक इकडच्या घरात येते. त्या बोळात एक ठिकाण — ‘शेजारघर’. सकाळी तिथं मजुरांची पोरं सांभाळतात, दुपारी भुकेल्यांची पंगत बसते, संध्याकाळी बायकांना लिहायला-वाचायला शिकवतात. सुरू कुणी केलं? द्वारकाकाकूंनी. नवऱ्याचं भांड्यांचं दुकान होतं. तो गेला, दुकान रिकामं झालं. काकूंनी तिथं चूल मांडली आणि दार उघडं ठेवलं. बस्स! ना फीत, ना नारळ, ना पाहुण्यांचं भाषण!

काकूंनी नियम घातले दोनच. आज जो पंगतीत जेवला, त्यानं उद्या वाढायला उभं राहायचं. म्हणजे देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा, ही भानगडच नाही! आणि दुसरा — इथल्या कुठल्याही वस्तूवर कुणाचं नाव घालायचं नाही.

एक गृहस्थ आले. "काकू, मोठं पातेलं देतो. बुडाशी बारीकसं ‘स्मरणार्थ’ घालू का?"

काकू म्हणाल्या, "अरे, आमच्या मालकांनी जन्मभर भांड्यांवर नावंच घातली. नाव का घालतात? शेजारी गेलेलं भांडं परत घरी यावं म्हणून. हे तर घरीच आलंय. तुला परत न्यायचंय का?"

आता जरा वर बघा. बघा, बघा! तो देवळाचा पंखा. पात्यावर नाव आहे की नाही? पंचाईत एवढीच, की पंखा फिरला की नाव दिसत नाही. म्हणून काही मंडळी वीज गेल्यावरच दर्शनाला येतात!

असो. काकू गेल्या. मागं राहिलं त्यांचं पितळी ओगराळं. नव्या सुनांना सांगतो — वरण वाढायची खोलगट, लांब दांड्याची पळी. दर वर्धापनदिनाला पहिलं वरण त्याच ओगराळ्यानं वाढायचं. कुणी? पंगत ज्याचं नाव पुकारेल, त्यानं! आणि वीस वर्षं पंगत एकच नाव पुकारत आली — गजराबाई!

ही गजराबाई कोण? नवऱ्यानं टाकलेली, दोन दिवसांची उपाशी याच दारात येऊन बसलेली. काकूंनी जेवू घातलं, दुसऱ्या दिवशी ओगराळं हातात दिलं. तेव्हापासून स्वैपाकघर तिचं. कष्टाळू बाई! हाताला चव, जिभेला धार.

आणि मग आली लोचना. परभणीकडची, बांधकामावर काम करणारी, पदराला दोन पोरी. पहिल्या दिवशी जेवली, दुसऱ्या दिवशी वाढायला उभी राहिली. वाढताना प्रत्येकाला विचारायची, "मामा, गुडघा कसा हाय?" "आत्या, लेकीचा फोन आला का?" झालं! पंगत तिच्याकडं बघून हसायला लागली. पंगतीत एक नाना बोंद्रे बसायचे. जन्मभर लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवलेलं, आता तोंडात दात नाही. एके दिवशी ते म्हणाले, "लोचना, तू वाढलंस की वरणाला गोडी येते बघ!"

वरण केलेलं कुणी? गजराबाईनं! त्या दिवसापासून तिला लोचनाचं सगळंच खुपायला लागलं. तिचं हसणं खुपलं, तिच्या बांगड्यांचा आवाज खुपला. लोचना "गजराक्का" म्हणून मायेनं हाक मारायची, तेही खुपलं. वर्धापनदिन आठ दिवसांवर आला आणि गजराबाईला घास जाईना. या खेपेला पंगत लोचनाला पुकारणार! मग आपण कोण? आपलं या घरात राहिलं काय?

आणि बाईनं काय केलं! पदराखाली ओगराळं घेतलं, बोळाच्या टोकाला भांड्यांवर नावं घालणारा बसतो त्याच्याकडं गेली. "घाल नाव. ठसठशीत घाल!" टर्रर्र! दांड्यावर नाव उमटलं — गजरा.

मनात म्हणाली, वाढू दे आता तिला! तिला कुठं अक्षर कळतंय? माझं नाव ती स्वतःच्या हातानं पानापानाशी नेईल!

बघा, मत्सराला डोकं किती असतं! तेवढं डोकं आम्ही देवाकडं लावलं असतं तर एव्हाना भेटलासुद्धा असता.

वर्धापनदिन आला. पानं मांडली, भात पडला. पंगत एका आवाजात ओरडली — "लोचना!"

गजराबाईनं खिळ्यावरचं ओगराळं काढून दिलं. "घे बाई. सांभाळून धर." तोंडावर हसू, पोटात निखारा.

लोचनानं ओगराळं वरणात बुडवलं, नानांच्या पानापाशी वाकली — आणि थबकली. दांडा डोळ्यांजवळ नेला. ओठ हलायला लागले. वरण ठिबकतंय, नाना वाट बघतायत. "ग… ज… रा." पुन्हा एकदा — "गजरा!" आणि ती ओरडली, "आक्का! आक्का, तुमचं नाव! मला वाचता आलं!"

मंडळी, चार महिने ती संध्याकाळच्या वर्गाला जात होती. अक्षरं ओळखीची झाली होती, पण एकाला एक जुळत नव्हती. रोज रडून घरी जायची. हे अख्ख्या शेजारघराला ठाऊक. गजराबाईला नाही! कारण तिनं लोचनाला कधी काही विचारलंच नव्हतं.

लोचना हसतेय, रडतेय. "बाईंनी कमळ वाचून घेतलं, बदक वाचून घेतलं, काय बी जुळंना. पण ह्या नावानं म्या रोज हाक मारते न्हवं!"

आणि पंगत? काकूंच्या ओगराळ्यावर नाव? सगळ्यांच्या माना खाली. लोचनाला कळेना. "काय चुकलं का माझं?"

गजराबाईला म्हणता आलं असतं, कुणी घातलं देव जाणे. पण तिच्याच्यानं बोलवेना तसं. पुढं आली. म्हणाली, "तुझं नाही चुकलं. नाव मी घातलं. तुझ्यावर जळून घातलं. तुला वाचता येत नाही म्हणून घातलं. याच दारात उपाशी आले होते मी. विसरले गं!" आणि तिथंच विटेचा तुकडा उचलून दांडा घासायला बसली.

लोचनानं तिचा हात धरला. "आक्का, समदं एकदम नगा घासू. रोज थोडं घासा. तवर मला वाचायला हुईल."

तशी रीत पडली बघा! रोज पंगत उठली की लोचना नाव वाचायची आणि मग गजराबाई घासायची. नाव झिजत गेलं, वाचन वाढत गेलं. नाव पुरतं गेलं, त्या दिवशी लोचना दारात उभी राहून पाटी वाचत होती — "शेजारघर". आणि शेजारी गजराबाई, डोळ्यांना पदर लावून.

तर पुढं बसलेल्या काकू, आता सांगा. जळतो कोण? उपाशी माणूस मागतो हो, जळत नाही. जळतो तो जेवलेला, पाटावर बसलेला, दुसरा पाट मांडला की पोटात गोळा येणारा! घरी जा आणि आपापली भांडी पालथी करून बघा. देवळाला दिलेला पंखा बघा. सुनेच्या हातात दिलेली किल्ली बघा — खरंच दिलीत, की नाव घालून दिलीत?

मला काय हसता? मीही पाटावरच बसलोय! चैतन्यबुवा, या, पुढं या. या घ्या माझ्या चिपळ्या. मागल्या बाजूला कोरलंय बघा काहीतरी. माझंच नाव आहे. वाचा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाऊ दे!

वाचलंत? आता वाजवा!