काचेपलीकडे ऐकू गेलेलं नाम

...आणि मला कोणी सांगितलंच नाही हो, की त्या खोलीतलं बोलणं काचेपलीकडे ऐकू जातं. एवढं सांगितलं असतं, तर आज तुमच्यासमोर मान खाली घालून बसायची पाळी आली नसती.

तुम्हाला सांगतो, जन्मभर याच आसनावरून निरूपण केलं, की देह म्हणजे उतरून ठेवायचा सदरा, देहाचं काय एवढं? तुम्ही माना डोलावल्यात. छातीत कळ आली तेव्हा घरातही तेच म्हणालो, तर आमची ही म्हणते, "सदरा मागाहून उतरवा, आधी गाडीत बसा."

मग काय, टेबलावर निजवलं, मनगटातून नळी सरकवली, आणि माणूस जागा बरं का, टक्क जागा! शेजारी पडद्यावर आपलंच हृदय धडधडतंय. डॉक्टर मोठे शांत. म्हणाले, "आजोबा, अडथळा बराच लांब आहे. औषध लावलेला स्टेंट बसवू. तारेची बारीक जाळी असते, ती शीर उघडी धरते, आणि औषध झिरपत राहतं म्हणून शीर सहसा पुन्हा बुजत नाही. लांबसा एक पुरतो, की दोन जोडावे लागतात, ते पाहतो." मी डोळे मिटले. म्हटलं, "तुमचं चालू द्या, मी नाम घेतो. देहाचं काय एवढं?" काय तो थाट!

इतक्यात त्यांनी शिरेत फुगा फुगवला. छातीवर कोणी गुडघा रोवावा तशी कळ... आणि मी काय बोललो असेन? "डॉक्टर, दोन्ही टाका. लांबातले लांब टाका. औषध लावताना कोणी हात आखडला नाही ना?" नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, हलू नका." कसला हलतो, मी त्यांचा हातच धरून बसलो होतो.

आणि नाम? घेतलं की. मोठ्यानं घेतलं. पण देवाचं नव्हे, हिचं. सारा संसार 'अगं'वर निभावला, आणि तिथं नावानं हाका... "कुठं आहेस गं, मला नाही जायचं एवढ्यात."

तर वरच्या कर्ण्यातून आवाज, "इथंच आहे मी. डॉक्टरांना काम करू द्या." अडथळा दाखवायला तिला काचेमागे बोलावून उभं केलेलं! पहिल्यापासून सगळं ऐकलंन.

एकच स्टेंट पुरला. दुसरा का नाही, म्हणून मी थोडा खट्टू झालो, हेही सांगून टाकतो. आता गोळ्या. एकही चुकवायची नाही, नाहीतर जाळीत रक्त गोठतं म्हणे. आज सकाळी पूजेला बसलो, तर ही गोळी घेऊन पुढ्यात. मी म्हटलं, "आधी देव." म्हणाली, "देव थांबेल. त्या दिवशीही थांबलाच होता."

गिळली मुकाट्यानं.

तर आजचा विषय तोच... देहाचं काय एवढं. मात्र आज लवकर आटोपतो. संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली, आणि ती पाहा, पेला घेऊन दारात उभी आहे.